ओळख ना पाळख, आणि जामीन

गेल्या मंगळवारी एक मेल आली. माझ्या २००९ सालच्या कास पठारावरच्या लेखात एक वाक्य घालायचं, त्यातल्या तीन शब्दांना लिंक द्यायची, आणि त्याबद्दल मला ४० डॉलर मिळणार. वाक्यही त्यांनीच लिहून पाठवलं होतं, चक्क मराठीत: 'कासला जाताना लांबच्या प्रवासात कंटाळा आल्यास आपण मोबाइलवर तीन पत्ती खेळून मनोरंजन करू शकता.' साताऱ्याहून कास जेमतेम पंचवीस किलोमीटर. त्यातही यवतेश्वरचा घाट लागला की निम्म्या लोकांना गाडी लागते. कपाळाला लिंबू लावून बसलेला माणूस तीन पत्ती कुठली खेळतोय.

मी बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, पुन्हा ते सुरू करताय का?"

'ते' म्हणजे लिंका विकणं. २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं मी ते केलं. मधल्या काळात विकतही घेतल्या. या ब्लॉगवर मी फुलांबद्दल लिहितो, पावसाबद्दल लिहितो, पण याबद्दल कधी लिहिलं नाही. जुने वाचक आहेत त्यांना आठवत असेल, उजव्या बाजूला 'मित्रमंडळी' अशा मथळ्याखाली काही इंग्रजी नावं असायची. ती मित्रमंडळी नव्हती.

तेव्हा मी पोवई नाक्याजवळच्या एका सेंटरवर एमएस-सीआयटी शिकवायचो. सकाळी सातची पहिली बॅच, रात्री नऊची शेवटची. वेतनवाढ अडू नये म्हणून आलेले प्राथमिक शिक्षक, त्यांच्या मागे दहावी झालेली पोरं, आणि माऊस हातात घेताना तो खरंच उंदीर असल्यासारखे दचकणारे एक निवृत्त तलाठी. पगार साडेपाच हजार. घरी बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं, त्यात पहाटे दोन ते आठ कितीही डाउनलोड करा, फुकट. म्हणून माझं सगळं ब्लॉगलेखन पहाटेचं. फुलांचे फोटो चढवायचे, खाली नाव, कुठे दिसलं, कुठल्या आठवड्यात दिसलं. इंग्रजीत लिहायचो, कारण मराठी पानांवर गूगलच्या जाहिराती तेव्हा लागतच नसत. हिंदीला ती सोय २०१४ च्या डिसेंबरात मिळाली, आपल्याला त्याच्याही नंतर. मराठीत लिहायचं ते हौस म्हणून आणि इंग्रजीत लिहायचं ते दोन पैसे मिळतील म्हणून, असा सरळ हिशेब होता.

आता लिंक विकायची म्हणजे नेमकं काय विकायचं? हा प्रश्न बायकोने २००७ मध्येही विचारला होता. तेव्हा तिला समजावून सांगायला सगळ्यात सोपं पडलं ते अण्णांमुळे.

माझे वडील एका पतसंस्थेत वसुलीला होते. पतसंस्थेत कर्ज काढायचं तर जामीनदार लागतात, आणि जामीनदार कोण यावर बरंच काही अवलंबून. पेठेतल्या जुन्या किराणावाल्याची सही आणि परवा नोकरीला लागलेल्या पोराची सही कागदावर सारखीच दिसते, पण संचालक मंडळ ती सारखी धरत नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या गूगल काढणाऱ्या दोघांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना पेजरँक म्हणून जे मांडलं, त्याचं मर्म मला तरी हेच वाटतं. एखादं पान किती मोलाचं, म्हणजे शोधात ते किती वर दाखवायचं, हे त्याच्यासाठी जामीन कोण राहिलंय त्यावरून ठरवायचं. त्या जामीनदाराची पत किती, हे त्याला जामीन राहिलेल्यांवरून. आणि एका पानाने जितक्या जणांना लिंक दिली, तितक्या जणांत त्याची पत वाटली जाणार. दहा ठिकाणी सही केलेल्या माणसाच्या अकराव्या सहीला काय किंमत, तसंच. (पेजरँकमधलं 'पेज' म्हणजे वेबपेज की लॅरी पेज, यावर आमच्या सेंटरवर चहाची पैज लागली होती. आडनावच आहे ते. चहा मी जिंकला.)

दोन हजार सालच्या डिसेंबरात गूगलने ब्राउझरला जोडायची एक टूलबार काढली. तिच्यात ही पत शून्य ते दहा अशा हिरव्या पट्टीत दिसायची. घोळ तिथून सुरू झाला. पतसंस्थेच्या दारावर प्रत्येक सभासदाची पत खडूने लिहून ठेवली तर दुसऱ्या दिवशी दारात दलाल उभा राहणार. तसा तो राहिला.

माझ्या ब्लॉगची हिरवी पट्टी चारवर होती. त्यात माझी हुशारी काही नव्हती. कासची फुलं तेव्हा इंटरनेटवर फार नव्हती एवढंच. जर्मनीतल्या एका ऑर्किडवेड्या माणसाने, मुंबईच्या एका निसर्गमंडळाने आणि एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या पानाने माझ्या फोटोंकडे बोट दाखवलं होतं. न मागता.

मी अमेरिकेतल्या एका मध्यस्थाकडे नाव नोंदवलं. त्याने ब्लॉगच्या पट्टीची तपासणी केली, दर ठरवला, आणि साच्यात चिकटवायला चार ओळींचा कोड दिला. एक लिंक महिनाभर ठेवायची, घेणाऱ्याला २५ डॉलर, त्यातले अर्धे मध्यस्थाचे, अर्धे माझे. डॉलर तेव्हा चाळिसाच्या आसपास होता. म्हणजे एका लिंकेचे पाचशे रुपये. सहा लिंका लागल्या की तीन हजार. साडेपाच हजार पगाराच्या माणसाला काहीही न करता तीन हजार. रिंगटोन, स्वस्त विमानतिकीट, वजन कमी करायच्या गोळ्या, लंडनमधलं गालिचे धुण्याचं दुकान. पाहुण्याला 'सीतेची आसवं' ही फुलं दाखवायला ब्लॉगवर बोलवायचं आणि कोपऱ्यात रिंगटोन. कुठली लिंक लावायची ते माझ्या हातात नव्हतं असं मी त्या काळात सांगत असे. ते खोटं. नाकारायचं बटण होतं. मी ते कधी दाबलं नाही.

चित्राची जाहिरात असते ती निदान वाचणाऱ्यासाठी असते. त्याने बघावी, भुलावं, टिचकी मारावी. या मजकुरी लिंकेवर कुणी टिचकी मारली काय, न मारली काय, घेणाऱ्याला फरक पडत नव्हता. ती वाचकासाठी नव्हतीच. गूगलच्या यंत्राने येऊन बघावं आणि म्हणावं, अरे, हा फुलवाला त्या गालिचेवाल्याला जामीन आहे. एवढ्यासाठी पैसे.

पहिले पैसे चेकने आले. राजपथावरच्या बँकेतल्या साहेबांनी तो चेक उलटासुलटा करून, उजेडाला धरून पाहिला. मग तो कलेक्शनला गेला, पाच आठवड्यांनी पैसे जमा झाले आणि त्यातले जवळपास दोन दिवसांच्या पगाराइतके बँकेच्या खर्चात गेले. पुढे पेपालने यायला लागले. तिथेही २०११ च्या मार्चपासून रिझर्व्ह बँकेचे नियम आले: आलेली रक्कम सात दिवसांत बँकेत काढून घ्यायची, एका वेळी ५०० डॉलरच्या वर नाही, खात्यातल्या पैशातून खरेदी नाही. माझी आवक पाचशेच्या जवळपासही नव्हती, त्यामुळे मला त्या नियमाचा थोडा अभिमानच वाटला. आपण निर्यातदार.

त्या पैशातून इन्व्हर्टर घेतला. भारनियमनाचे दिवस होते, रोज काही तास दिवे नसायचे. पोरगी अभ्यासाला बसली की मी मनात म्हणायचो, गालिचेवाल्याच्या कृपेने. आम्ही तेव्हाचे ब्लॉगवाले लिंकला 'दुवा' म्हणायचो, अजूनही काही जण म्हणतात. दुव्याचा दुसरा अर्थ आशीर्वाद. फकिराला पैसा दिला की तो दुवा देतो. माझ्याकडे लंडनचा माणूस पैसा टाकायचा आणि मी दुवा द्यायचो. हिशेब जुळत होता.

अशाच खटाटोपात ओक्लाहोमातली एक कंपनी २००२ मध्येच अडकली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सर्चकिंग नाव. तिने असंच पट्टीच्या आकड्यावर लिंका विकायचं जाळं काढलं, गूगलने तिची पट्टी खाली आणली, तिने दावा लावला. २००३ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. म्हणणं असं की पेजरँक हे गूगलचं मत आहे आणि मत बाळगायचं स्वातंत्र्य गूगललाही आहे. मराठीत हे किती छान बसतं बघा. पत म्हणजे दुसऱ्याचं मत. मत बदललं तर दाद कुठे मागणार?

माझ्यापर्यंत ते मत २००७ च्या ऑक्टोबरात पोचलं. कासचा हंगाम संपत आला होता, गुलाबी तेरडा ओसरून पठार पिवळट पडायला लागलं होतं. एका पहाटे ब्लॉग उघडला तर हिरवी पट्टी चारवरून दोनवर. मला वाटलं टूलबार बिघडली. सेंटरच्या बारा मशीनवर पाहिलं, बाराही ठिकाणी दोन. त्या महिन्यात लिंका विकणाऱ्या पुष्कळ इंग्रजी ब्लॉगांची पट्टी अशीच उतरली. मॅट कट्स म्हणून गूगलमध्ये स्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख होते, त्यांनी एप्रिलमध्येच लोकांना आवाहन केलं होतं की विकत घेतलेल्या लिंका दिसल्या तर आम्हाला कळवा. मी ते वाचलं होतं. वाचून पान बंद केलं होतं. म्हणजे चूक माझी, आणि इशारा मिळाल्यानंतरची.

नियम काही अवघड नव्हता. २००५ च्या जानेवारीतच नोफॉलो नावाची खूण आली होती. लिंकेच्या कोडात ती घातली की गूगलला सांगितल्यासारखं: लिंक देतोय, पण मी जामीन नाही. जाहिरात म्हणून खुशाल पैसे घ्या, फक्त ही खूण घाला. पण खूण घातली तर घेणाऱ्याला ती लिंक नको असायची. त्याला तर सहीच हवी होती.

मजेची गोष्ट अशी की पट्टी निम्म्यावर आली तरी ब्लॉगवर येणारी माणसं कमी झाली नाहीत. सप्टेंबरात कासला कधी जावं असं शोधणारे तेवढेच येत राहिले. पडला तो माझा दर. पंचवीसचे दहा झाले. मग मी कोपऱ्यातल्या लिंका कमी करून लेखाच्या मजकुरात एकेक पेरायला लागलो, म्हणजे ओळखू येऊ नये. आधी जे उघड करत होतो ते आता चोरून करायला लागलो. सुधारणा म्हणायची ती एवढीच झाली.

अण्णांनी माझा ब्लॉग पहिल्यांदा नीट पाहिला तो २००९ च्या दिवाळीत. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, नवा चष्मा, आणि सगळं वाचून काढायचा उत्साह. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. गेंदाचा फोटो, कवल्याचा फोटो, बरं आहे, छान आहे. मग एका लेखात पावसाळी बुटांबद्दल एक वाक्य होतं आणि त्यात निळ्या अक्षरांत 'इन्स्टंट कॅश लोन'.

"हे काय?"

मी सांगितलं. जाहिरात आहे, अमेरिकेतली एक कर्ज देणारी कंपनी आहे.

"व्याज किती घेतात?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी मला ती लिंक उघडायला लावली. बारीक टायपात व्याजाचा वार्षिक दर होता, तीन आकडी. ज्यांनी तीस वर्षं कर्जाच्या फायली बघितल्या त्या माणसाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तो आकडा परत वाचला.

"तू ओळखतोस यांना?"

"नाही."

"ओळख ना पाळख, आणि जामीन राहिलास?"

आमच्या घरात या वाक्याला मागचा संदर्भ आहे. अण्णा एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते. तो गाव सोडून गेला. अण्णांच्या पगारातून साडेतीन वर्षं हप्ता कापला जात होता, मी आठवीत होतो ते बारावीत जाईपर्यंत. त्यांनी त्या माणसाबद्दल घरात एकही वाईट शब्द काढला नाही. 'मी ओळखत होतो त्याला' एवढंच म्हणायचे. ओळख चुकली, पण ओळख होती. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

इथे मी लिहायला हवं की त्या दिवशी मी सगळ्या लिंका काढून टाकल्या. तसं काही झालं नाही. ती कर्जाची तेवढी काढली आणि बाकीच्या तीन वर्षं ठेवल्या.

उलट पुढच्या वर्षी विकत घ्यायला लागलो. मेहुण्याने यवतेश्वरच्या पुढे कास रस्त्यावर घराच्या मागे चार खोल्या काढल्या होत्या, निवास-न्याहारी. "दाजी, तुमचं ते इंटरनेटचं आमच्यासाठी पण करा की." त्याला साइट काढून दिली. साइट काढली की माणसं येतात असं त्याला वाटत होतं, आणि येत नाहीत हे मला माहीत होतं. महिना चार हजाराचं पॅकेज घेतलं. त्यात तीनशे डिरेक्टऱ्यांत नोंद, वीस लेख (ते लेख माणसाने लिहिले असतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नसे) आणि चार-पाच पट्टीच्या पाच साइटींवर लिंक. प्रत्येक लिंकेचे शब्द एकच: 'हॉटेल निअर कास'. तीनशे अनोळखी माणसं एकाच आठवड्यात, शब्दही इकडचा तिकडे न करता, एकाच चार खोल्यांच्या घराची शिफारस करायला लागली, तर पतसंस्थेचा शिपाईसुद्धा म्हणेल की काहीतरी पाणी मुरतंय. पण चाललं. २०११ च्या हंगामात मेहुण्याची साइट दुसऱ्या नंबरवर होती. फोन घेऊन घेऊन त्याच्या बायकोचा घसा बसला. मला साताऱ्यात येऊन अर्धा किलो कंदी पेढे देऊन गेला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या बड्या अमेरिकन दुकानसाखळीची अशीच गोष्ट छापली होती. हजारो असंबद्ध पानांवर लिंका, आणि त्याच्या जोरावर नाताळच्या हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत सगळ्यांत पहिला नंबर. बातमी येताच ते दुकान पार खाली. कंपनी म्हणाली आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे हे काम दिलं होतं त्यांना काढून टाकलं. मी ते वाचून घाबरलो नाही. एवढ्या मोठ्या माशाच्या मागे लागलेत, यवतेश्वरच्या चार खोल्यांकडे कोण बघतंय.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलने पेंग्विन आणलं, म्हणजे अशा बनावट लिंका हुडकून साइट खाली ढकलणारा शोधातला बदल. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्क्यांवर परिणाम होईल असं त्यांनीच सांगितलं होतं. त्या तीन टक्क्यांत आम्ही होतो. मेहुण्याची साइट दुसऱ्यावरून कुठे गेली ते मी सहाव्या पानापर्यंत शोधलं आणि मग सोडून दिलं.

आणि वर्ष कुठलं? १ जुलै २०१२ ला पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास. टीव्हीवर कास, पेपरात कास. त्या सप्टेंबरात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग घाटात अडकून पडायची. सगळं जग दारावरून चाललं होतं आणि मेहुण्याचा फोन गप्प. शेवटी त्याने रस्त्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली: खोली मिळेल, पिठलं-भाकरी मिळेल. त्या पाटीने त्याचा हंगाम तारला. तो मला काही बोलला नाही. पेढेही दिले नाहीत.

लिंका विकत घेणं सोपं होतं, निस्तरणं महाकठीण. पॅकेजवाल्याने फोन उचलणं बंद केलं. मी एकेका साइटीच्या मालकाला मेल पाठवायला लागलो की बाबा, आमची लिंक काढ. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. तिघांनी काढायचे पैसे मागितले. लावायला पाच डॉलर आणि काढायला दहा. ऑक्टोबरच्या मध्यावर गूगलने एक सोय दिली, या या साइटींच्या लिंका आमच्या खात्यात धरू नका असं लिहून कळवायची. साध्या मजकुराची फाइल, एका ओळीत एक साइट. पहाटे दोन ते आठच्या वेळात मी ती यादी केली. चारशे बारा ओळी झाल्या. या चारशे बारा जणांना आम्ही ओळखत नाही, असं प्रतिज्ञापत्र. तोवर हंगाम संपला होता.

त्याच आठवड्यात माझ्या ब्लॉगवरच्या विकलेल्या लिंकाही काढल्या. एकदा यादी करायची सवय लागली की जमतं. पाच वर्षांचे मिळून ९०० डॉलरच्या आसपास मिळाले होते. मेहुण्याच्या पॅकेजला त्याहून जास्त गेले.

हिरवी पट्टी २०१३ च्या डिसेंबरानंतर कधी हललीच नाही, आणि २०१६ मध्ये गूगलने ती काढूनच टाकली. मला वाटलं बाजार उठेल. पण बाजाराने दुसरा आकडा शोधला. आता व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात: अमुक साइट, डीए ३५, बाराशे रुपये, लेखासकट पंधराशे. हे डीए, डीआर आकडे गूगलचे नाहीत, मॉझ आणि अहरेफ्स अशा खासगी कंपन्यांनी बांधलेले साइटच्या पतीचे अंदाज आहेत. गूगलच्या मनात काय चाललंय याची ती कुंडली. पत्रिका जुळते म्हणून पैसे मोजणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे धंदा जोरात आहे. मागच्या वर्षी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, आता त्याची पुण्यात एजन्सी आहे, मला त्याच्या यादीतला माझाच ब्लॉग बाराशेला दाखवला. मला न विचारता.

मी आता जाहिरात घेत नाही असं नाही. बामणोलीचा एक बोटवाला आणि मेढ्याकडचे एक मधवाले हंगामापुरती जाहिरात देतात, दोन हजार रुपये, यूपीआयने. त्यांच्या लिंकेला मी 'स्पॉन्सर्ड' ही खूण घालतो, २०१९ मध्ये आली ती. म्हणजे पैसे घेऊन लावलंय असं यंत्रालाही कळतं, आणि वर 'जाहिरात' असं मराठीत लिहितो म्हणजे माणसालाही कळतं. मधवाल्यांनी विचारलं, सर, हे कशाला लिहायचं? मध मी खाल्लाय, चांगला आहे, तेही लिहिलं. बाहेरून मेल करणाऱ्यांना ही खूण सांगितली की चारातले तीन जण उत्तरच देत नाहीत. चौथा म्हणतो दर दुप्पट देतो, खूण नको.

मराठी ब्लॉगवाल्यांना हल्ली ज्या मागण्या येतात त्यांतल्या माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त रमी, तीन पत्ती, सट्टा आणि कल्याण मटक्याच्या निकालाच्या साइटींच्या असतात. कुणाला मोह झाला तर एवढं ध्यानात असू द्या: २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. चाळीस डॉलरला परवडत नाही.

तर मंगळवारची मेल. उत्तर द्यायचं नव्हतंच. पण २००९ चा तो लेख बरेच दिवसांत वाचला नव्हता, म्हणून उघडला. बरा लिहिलाय. शेवटी, वासोट्याला जायचं असेल तर मुक्काम कुठे करावा, तिथे बामणोलीच्या एका लॉजची लिंक दिली होती. ही विकलेली नव्हे. त्या लॉजवाल्या मामांकडे मी स्वतः सात-आठदा राहिलोय. कढत तांबडा रस्सा आणि अंथरुणाला नॅप्थलीनचा वास. फुकट, मनापासून दिलेली लिंक. आख्ख्या ब्लॉगवर ही एक सही तरी अण्णांनी मान्य केली असती.

सहज टिचकी मारली. काळी पाटी, सोनेरी फिरती चाकं, अगम्य भाषा, वर नाण्यांचा पाऊस. लॉजचं नाव पत्त्यात तसंच, आत जुगार. मुदत संपलेली नावं हुडकून कुणीतरी उचलतं, जुन्या लिंकांच्या पतीसाठी, हे मला माहीत होतं. आपल्या अंगणात बघितलं नव्हतं. किती वर्षं मी त्या चाकांना फुकट जामीन होतो कोण जाणे.

मामांना फोन लावला. आता पंचाहत्तरी उलटलीय, लॉज मुलगा बघतो. मी म्हटलं, "मामा, तुमच्या वेबसाइटचं नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलंय. तिथे जुगार चालतो."

"वेबसाइट?" मामा म्हणाले. मागे बोटीचं इंजिन फटफटत होतं. "सर, ती तुम्हीच काढून दिली होती न्हवं? दर वर्षी पैसे भरायचे असत्यात म्हणाला होता. तुम्ही भरत असाल, असं आम्ही धरून चाललो."